माळ्यावरचा संगणक

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातल्या वस्तूंची जणू वार्षिक परीक्षाच सुरू होते. पितळी समई दरवर्षी उत्तीर्ण होते. तांब्याचा बंब 'राहू दे, शोभेला बरा दिसतो' म्हणून वरच्या वर्गात जातो. आजेसासूबाईंचे जाते आता फिरत नाही, पण त्याला कोणी हात लावीत नाही. नापास होतो तो माळ्यावरच्या खोक्यात बसलेला, पिवळट पडलेल्या प्लॅस्टिकचा जुना संगणक. त्याच्यावरून घरात तीन पक्ष पडतात. गृहिणीला ती जागा हवी असते. चिरंजीवांना हे यंत्र आपल्या घरात होते याचीच लाज वाटते. आणि ज्या गृहस्थांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पतपेढीचे कर्ज काढून ते घरी आणले होते, ते 'अगं, ठेवला तेव्हा चालू होता' एवढेच पुटपुटतात. अखेर दारात भंगारवाला येतो आणि त्याचा तराजू निकाल देऊन टाकतो.

हा लेख त्या तराजूच्या आड यावे म्हणून लिहिला आहे. सगळीच अडगळ जपून ठेवावी असे आमचे म्हणणे नाही; तसे केले तर माणसांनाच माळ्यावर राहायला जावे लागेल. पण संगणकाची गोष्ट बंबासारखी नाही. बंब मोडीत घातला तर बंब जातो. संगणक मोडीत गेला तर त्याच्याबरोबर दुसरेही काही जाऊ शकते. आणि ते काय, हे मुंबई-पुण्याइतकेच परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या घरांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

छंदिष्टांच्या सभा

जुने संगणक मांडून लोकांना दाखवण्याचे मेळे आज अनेक देशांत भरतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९९७ साली 'व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल' या नावाचा मेळा सुरू झाला, आणि पुढे तसेच मेळे इतर शहरांतही भरू लागले. अशा मेळ्याची रीत अगदी साधी असते. सभागृहात टेबले मांडायची. ज्याने त्याने आपापले यंत्र आणायचे, ते चालू करून दाखवायचे आणि येणाऱ्या पोराटोरांना त्याच्या कळा दाबू द्यायच्या. संग्रहालयात 'हात लावू नये' अशी पाटी असते. येथे हात लावण्यासाठीच बोलावणे असते. एखाद्या टेबलावर पाठ उघडी टाकलेले यंत्र, शेजारी डाग द्यायची सोल्डरची कांडी आणि त्यात डोके घालून बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ, हे तिथले नेहमीचे दृश्य.

या छंदाचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. १९७५ च्या जानेवारीत एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाच्या यंत्राचे चित्र झळकले. त्याला ना कळफलक, ना पडदा. पुढच्या फळीवर खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे एवढाच त्याचा संसार. सुटे भाग मागवून घरी जोडायचे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गृहस्थाच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी हे यंत्र पाहायला जमली. 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेली हीच ती मंडळी. त्यांत स्टीव्ह वॉझ्नियॅक नावाचा एक तरुण अभियंता होता. वर्षभरात त्याने आपला स्वतःचा संगणक बनवून याच मंडळींपुढे ठेवला. तोच 'अॅपल-वन'. १९७६ साली त्याची किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट होती आणि ती यंत्रे तयार झाली अवघी दोनशेच्या आसपास. त्यांपैकी एक २०१४ साली न्यू यॉर्कच्या लिलावात हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९ लाख ५ हजार डॉलर देऊन घेतले.

हा आकडा वाचून कोणी लगेच माळ्यावर चढू नये. आपल्या खोक्यात अॅपल-वन निघण्याचा संभव परसात सोन्याचा हंडा निघण्याइतकाच आहे. पैशासाठी या छंदात पडलेली माणसे थोडी. बहुसंख्य मंडळींना हौस आहे ती बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू करण्याची.

इंग्लंडमधले उदाहरण यासाठी सांगण्यासारखे आहे. हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली एक गणकयंत्र चालू झाले. अडीच टन वजन, आठशेहून अधिक काचेच्या अंकनलिका, आणि गती एवढी मंद की एका गुणाकाराला पाच-दहा सेकंद लागावेत. पण ते न थकता, न चुकता काम करी. पुढे ते एका महाविद्यालयाला मिळाले, मग बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले, आणि शेवटी सुटे होऊन गोदामात पडले. कित्येक वर्षांनी एका जाणकाराने गोदामातल्या सामानाच्या छायाचित्रात त्या यंत्राची नियंत्रण-फळी ओळखली. मग स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून ते ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात पुन्हा जोडले, आणि २० नोव्हेंबर २०१२ रोजी एकसष्ट वर्षांचे ते यंत्र पुन्हा गणिते करू लागले. एका माणसाला एक फळी ओळखता आली म्हणून हे झाले. ओळखणारा नसता तर ती फळीही पत्र्याच्या भावाने गेली असती.

कुलाब्याचा टिफ्रॅक

'हे सारे साहेबांच्या देशात ठीक. आमच्याकडे जुने संगणक होते कुठे?' असे कोणी म्हणेल. होते, आणि आपल्या हातांनी घडवलेले होते.

भारतात पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक आला तो १९५५ साली, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. तो ब्रिटनहून विकत आणलेला होता. पण त्याच सुमारास मुंबईत डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही तरुणांनी वेगळाच घाट घातला होता. यंत्र विकत न घेता स्वतः बांधायचे! या गटाचे प्रमुख होते आर. नरसिंहन. अमेरिकेत गणिताची डॉक्टरेट मिळवून ते १९५४ साली परतले होते. त्यांच्या बरोबरच्या बहुतेकांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता. पुस्तके, शोधनिबंध आणि सोल्डरची कांडी एवढ्या भांडवलावर १९५६ च्या अखेरीस त्यांचे लहान, नमुन्याचे यंत्र चालू झाले.

१९५६ हे साल परभणीकरांना निराळ्या कारणाने लक्षात राहिले आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे मुंबई ही परभणीची राजधानी झाली, तेव्हाच त्या राजधानीत देशी बनावटीचा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक आकडेमोड करायला शिकत होता. अर्थात कापसाच्या भावाच्या चिंतेत असलेल्या मानवतच्या व्यापाऱ्याला त्याची खबर असण्याचे कारण नव्हते.

नमुन्यावरून मोठे यंत्र उभे राहिले आणि १९६० च्या फेब्रुवारीत ते कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. मुख्य सांगाडा अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच; आत सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक. निर्वात नलिका म्हणजे जुन्या रेडिओत मंद तांबूस उजेड देत तापणारे 'व्हॉल्व्ह'. एका रेडिओत पाच-सहा व्हॉल्व्ह असत आणि त्यांतला एक गेला तरी घरातली करमणूक बंद पडे. येथे २,७०० व्हॉल्व्ह एका वेळी शाबूत ठेवायचे होते.

त्याची स्मृती कशी होती ते समजून घेण्यासारखे आहे. फेराइट नावाच्या चुंबकीय द्रव्याच्या बारीक कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असत. तारांतून वीज सोडली की कडी एका दिशेने चुंबकित होई, तो 'एक'. उलट दिशेने झाली तर 'शून्य'. गंमत अशी की कडीत काय आहे ते वाचायला गेले की वाचताक्षणी ते पुसले जाई. म्हणून यंत्र जे वाचले ते लगेच पुन्हा लिहून ठेवी. एका शब्दाला ४० अंक, असे २,०४८ शब्द. म्हणजे एकूण ८१,९२० कड्या. आजच्या हिशेबाने ही स्मृती झाली दहा किलोबाइट. वाचकांच्या हातातला हा लेख आजच्या पद्धतीने साठवला तर त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा टिफ्रॅकमध्ये मावला असता. तेवढ्या जागेत आपल्या शास्त्रज्ञांनी पदार्थविज्ञानाची गणिते सोडवली!

१९६४ साली संस्थेत अमेरिकेचा 'सीडीसी ३६००' हा बलाढ्य संगणक आला आणि टिफ्रॅकची सद्दी संपली. पण हाताला लागलेले वळण वाया गेले नाही. १९६९ साली ट्रॉम्बे येथे 'ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर', म्हणजेच टीडीसी-१२, तयार झाला, आणि पुढे हैदराबादच्या ईसीआयएल कारखान्यातून या मालिकेतले संगणक बाहेर पडले. नरसिंहन हे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. टिफ्रॅक मात्र आज चालत नाही. त्याची छायाचित्रे आहेत, आकडे आहेत, त्यावरचे लेख आहेत. पण एखाद्या मुलाला कळ दाबून 'हे बघ, आपला पहिला संगणक असा गणित करी' असे आज दाखवता येत नाही. हार्वेलच्या यंत्राची गोष्ट वाचताना मन थोडे खट्टू होते ते यासाठी.

कॅसेटमधला खेळ

टिफ्रॅक ही संस्थेची गोष्ट. घरगुती संगणक आपल्याकडे आला तो १९८० नंतरच्या दशकात, आणि आला तोही टेपरेकॉर्डरचे बोट धरून.

इंग्लंडच्या सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी २३ एप्रिल १९८२ रोजी 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा स्वस्त संगणक बाजारात आणला. भारतात डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन त्याचीच 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ही देशी आवृत्ती विकली. ४८ किलोबाइट स्मृती, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि साठवणुकीला गाण्यांची असते तीच कॅसेट. कॅसेट लावली की आज्ञावली कर्कश किरकिराटाच्या रूपात यंत्रात उतरे आणि पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे सरसर धावत. त्या किरकिराटातही शिस्त होती. आखूड लहर म्हणजे शून्य आणि तिच्या दुप्पट लांबीची लहर म्हणजे एक. मोठा खेळ उतरायला चार-पाच मिनिटे लागत. आणि मध्येच कोणी मिक्सर लावला, विजेचा दाब हलला, तर पुनश्च हरिओम! टेपरेकॉर्डरच्या वाचनमुंडीचा एक बारीक स्क्रू पेचकसाने इकडेतिकडे करून आवाज 'लागतो' का ते पाहण्याची विद्या त्या पिढीतल्या मुलांना आपोआप येई. आज पन्नाशीत असलेले किती तरी अभियंते त्या स्क्रूपाशीच यंत्रविद्येच्या नादी लागले.

शाळांतही त्याच सुमारास संगणक आला. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली आणि देशभरातील सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' हे संगणक बसवण्याचे ठरवले. मुले पादत्राणे बाहेर काढून संगणकाच्या खोलीत जात, इतका त्याचा मान! संगणकाला धूळ चालत नाही हे खरेच. पण त्यात थोडी देवघराची भावनाही होती.

त्यानंतर आयबीएमच्या पीसीचे भाऊबंद आले. १९८१ चा मूळ पीसी, १९८३ चा दहा मेगाबाइटची तबकडी पोटात असलेला 'एक्सटी', मग '२८६', '३८६', '४८६' असे आकड्यांनी ओळखले जाणारे वंशज. आपल्या माळ्यावर आज जे खोके आहे ते बहुधा याच घराण्यातले. आणि आमच्या सांगण्याचा खरा मुद्दा याच खोक्यापाशी आहे.

मराठी अक्षरांचे कुलूप

दिवाळी अंकाची परंपरा १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने सुरू केली. तेव्हापासून पाऊणशे-ऐंशी वर्षे दिवाळी अंक शिशाच्या खिळ्यांवर, जुळाऱ्याच्या बोटांतून निघत होते. १९९० च्या दशकात ही विद्या पाहता पाहता मागे पडली आणि तालुक्याच्या गावीही 'डीटीपी'च्या पाट्या लागल्या. लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल, शाळेचे अंक, गावोगावच्या कवींचे संग्रह, सारे संगणकावर टंकित होऊ लागले.

येथेच एक अडचण दडून बसली. संगणक अक्षरे साठवीत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हा करार आधी व्हावा लागतो. इंग्रजीचा करार झालेला होता. मराठीचा सर्वमान्य करार अजून व्हायचा होता. मग प्रत्येक फॉन्ट बनवणाराने आपापली सोय केली. इंग्रजी अक्षरांच्याच घरांत त्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एका घरात अर्धा 'क', दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. 'श्रीलिपी'ची घरे निराळी, 'आकृती'ची निराळी. आपल्या यंत्रावर, आपल्या फॉन्टमध्ये मजकूर सुंदर दिसे. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे आणि टिंबे यांची भेळ समोर येई.

याला उपाय शोधला जात नव्हता असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले. ही संस्था १९८८ सालची. १९९१ चा 'परम ८०००' महासंगणक डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथलाच. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा एक करार ठरला आणि १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून जागतिक 'युनिकोड'मधली देवनागरीची घरे आखली गेली. आज जगातल्या कोणत्याही संगणकावर 'क' म्हणजे २३२५ हाच आकडा. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय आली ती २००० सालच्या आवृत्तीपासून, आणि तिच्याबरोबर आलेले 'मंगल' हे वळण घडवले ते सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी.

पण करार पक्का होऊन घरोघरी पोहोचेपर्यंत मधली दहा-पंधरा वर्षे निघून गेली होती, आणि त्या वर्षांत महाराष्ट्राने पुष्कळ लिहिले होते. ते लिखाण कुठे आहे? जे छापले गेले ते कागदावर वाचले. जे छापले गेले नाही, म्हणजे एखाद्या शिक्षकाने जमवलेला गावाचा इतिहास, आजोबांनी सांगून लिहून घेतलेली घराण्याची हकीकत, एखाद्या संस्थेची जुनी सभासद-यादी, ते त्या फ्लॉपींत आणि त्या तबकड्यांत आहे. साडेतीन इंची फ्लॉपीत मावे १.४४ मेगाबाइट; सव्वापाच इंची जुन्या फ्लॉपीत अवघे ३६० किलोबाइट. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपी विकणे थांबवले. नव्या संगणकाला फ्लॉपीची फटच नसते. म्हणजे मजकुराच्या दाराला तीन कुलपे पडली: फ्लॉपी वाचणारे यंत्र हवे, ती आज्ञावली हवी आणि तो फॉन्ट हवा. या तिन्ही किल्ल्या बहुतेक वेळा एकाच जुडग्यात असतात, आणि ते जुडगे म्हणजे माळ्यावरचा तो पिवळट संगणक.

ताडकळसची ओवी

हे सांगणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून परभणी जिल्ह्यातलाच एक दाखला देतो.

आपल्या घरातले जाते थांबले, तेव्हा केवळ पीठ दळणे थांबले नाही. दळताना बायका ओव्या म्हणत. त्या ओव्यांना दुसरी जागा नव्हती. गिरणी आली आणि ओवीची वेळच नाहीशी झाली. संत जनाबाईंचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला जाते आणि शब्द यांचे नाते वेगळे सांगायला नको.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथील एका स्त्रीने दुःखाने भरलेल्या स्वरात म्हटलेल्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-संगणकतज्ज्ञाने या कामात भाग घेतला. गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि संहिता संगणकावर सूचीबद्ध झाली. २०१७ पासून 'पारी' ही ग्रामीण भारताची नोंद ठेवणारी संस्था ते भांडार क्रमाक्रमाने लोकांपुढे मांडीत आली आहे.

ताडकळसच्या जात्यावरचा शब्द आज आपल्याला ऐकू येतो, तो एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा हातोहात नेला गेला म्हणून. मध्ये कोणी 'जुने झाले, टाका' म्हटले असते तर साखळी तुटली असती, आणि जी ओवी एकदा जात्याबरोबर जाता जाता वाचली, ती दुसऱ्यांदा संगणकाबरोबर गेली असती. घरात जाते आपण जपतो. त्यावरच्या ओव्या मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना येतात. संगणकाच्या बाबतीत हेच होऊ नये.

खोके खाली उतरवताना

तेव्हा यंदा ते खोके खाली काढाल तर काही पथ्ये पाळावीत.

पहिले म्हणजे, उत्साहाने लगेच वीज लावू नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातले काही धारित्र, म्हणजे कपॅसिटर, फुगलेले वा गळके असतात. वीज मिळताच ते जळू शकतात. आधी झाकण उघडून मऊ ब्रशाने धूळ काढावी. २८६ ते ४८६ या पिढीच्या बऱ्याच यंत्रांत मुख्य पाटीवर पिंपाच्या आकाराची छोटी घटमाला असते. ती गळली की हिरवट क्षार पसरून तांब्याच्या रेषा खातो. ती दिसली तर जाणकाराकडून काढून घ्यावी.

दुसरे, जुना काचेचा पडदा उघडू नये. टीव्हीप्रमाणेच त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो.

तिसरे, फ्लॉपी घालण्यापूर्वी तिला लेखनबंद करावे. साडेतीन इंचीचा कोपऱ्यातला खटका सरकवून भोक उघडे ठेवले की तिच्यावर काही लिहिले जात नाही. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची असते. फ्लॉपीवर बुरशीचे डाग दिसले तर ती यंत्रात घालूच नये. वाचनमुंडी खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीही बिघडतात. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी नव्या संगणकाला बाहेरून जोडायचा वाचक मिळतो. आतली तबकडीही बहुधा जोडणी-तारेने नव्या यंत्राला लावता येते. प्रथम सगळ्याची जशीच्या तशी नक्कल करून ठेवावी. मजकूर वाचता येतो की नाही हे मागाहून पाहावे. मजकूर भेळेसारखा दिसला म्हणून फाइल पुसू नये. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणाऱ्या आज्ञावल्या आहेत. फॉन्ट कोणता होता एवढे मात्र कळावे लागते.

म्हणून चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्याने ते यंत्र वापरले त्याला विचारून लिहून ठेवा. कोणता फॉन्ट, कोणती आज्ञावली, कोणत्या फ्लॉपीत काय. त्या कागदाशिवाय पुढच्या पिढीच्या हाती नुसते यंत्र येईल. कागद असेल तर किल्लीही येईल.

आणि इतके करून यंत्र खरोखरच गतप्राण ठरले, तर ते उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्यांच्या हाती देऊ नये. त्या धुरात शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असतात. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी देशात कायदेशीर नियम आहेत आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रे आहेत. तिकडे ते पोचवावे.

परभणीत मेळा भरवायचा तर

एकेका घराने हे करणे चांगलेच. पण कॅलिफोर्नियात मंडळी गॅरेजमध्ये जमली ती एकट्याला जमत नव्हते म्हणून. एकाकडे यंत्र असते, दुसऱ्याकडे कॅसेट, तिसऱ्याला सोल्डर जमते आणि चौथ्याला सारे आठवते.

असा मेळा परभणीत भरवायला काय लागेल? शाळेचे एक सभागृह, दिवाळीच्या सुटीतला एक रविवार आणि सहा टेबले. पहिल्यावर टिफ्रॅकची छायाचित्रे आणि शेजारी जुन्या रेडिओचा एक खराखुरा व्हॉल्व्ह. त्याचे २,७०० पट काय होते ते मुले मनाशी मोजतील. दुसऱ्यावर टीव्हीला जोडलेला एखादा स्पेक्ट्रम. तिसऱ्यावर शाळेच्या कोठारातून निघालेला संगणक. चौथ्यावर मराठी फॉन्टचा एखादा ४८६, आणि त्यावर कधी काळी टंकलेखन केलेल्या ताई स्वतः. पाचव्यावर नुसती फ्लॉपी वाचून देण्याची सोय: फ्लॉपी आणा, नक्कल घेऊन जा. या टेबलापुढची रांग सर्वांत लांब असेल अशी आमची खात्री आहे. सहाव्यावर जाते आणि त्याच्या शेजारी ओव्या ऐकवणारा आजचा मोबाइल.

अशा मेळ्यासाठी पूर्णेहून, सेलूहून, मानवतहून कोण कोण काय घेऊन येईल हे आज सांगता येत नाही. १९७२ साली जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आले. त्याच्या आधारे नांदलेल्या कुटुंबांत, सहकारी संस्थांच्या कपाटांत, निवृत्त शिक्षकांच्या आणि वकिलांच्या घरांत काय काय टंकून ठेवलेले असेल! पावसाच्या नोंदी असतील, वाणांच्या याद्या असतील, कोणाचे अर्धे राहिलेले आत्मचरित्र असेल. पुष्कळसे सामान्यच असेल. पण सामान्य काय आणि मोलाचे काय, हे ठरवण्यासाठी आधी ते वाचता आले पाहिजे.

ज्या माणसांनी ते लिहिले, टंकले, साठवले, ती बरीचशी अजून आपल्यात आहेत. फॉन्टचे नाव त्यांना आठवते. फ्लॉपीवरच्या पुसट चिठ्ठीवरचे अक्षर त्यांना लागते. आणखी दहा-पंधरा दिवाळ्यांनी हे असेच असेल याची हमी कोणी द्यावी? फराळाला बसाल तेव्हा घरातल्या त्या गृहस्थांना एवढेच विचारा, 'त्या खोक्यात काय आहे?' आणि ते सांगू लागले की जवळच्या मुलाला वही-पेन्सिल घेऊन बसवा.